सातू, किण्व आणि आबकारी

खुलताबादच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या आकाशाखाली, ज्या साध्या कबरीत औरंगजेब बादशहा विसावला आहे, तिच्यापाशी उभे राहून मद्यनिर्मितीविषयी बोलणे औचित्याला धरून नाही, हे आम्हांस मान्य आहे. कारण १६५९ साली, तख्तावर नीट स्थिर होतो न होतो तोच, मुहतसिब नावाचा अंमलदार नेमून रयतेच्या मद्यपानावर ज्याने नजर ठेवली, त्याच्या सान्निध्यात असा विषय काढणारा इसम अविवेकीच ठरावयाचा. परंतु विषय आम्ही काढला नाही. सुटीला आलेला आमचा भाचा, कबरीवरचे सब्जाचे रोपटे पाहून झाल्यावर, पायऱ्या उतरता उतरता सहज म्हणाला, “मामा, घरी बिअर करायची झाली तर सुरुवात कुठून करायची?” आम्ही म्हटले, “कायद्यापासून.” त्याला हे उत्तर रुचले नाही. तरुण माणसाला सुरुवात भांड्यापासून करावयाची असते.

वस्तुतः हा प्रश्न विचारण्यास खुलताबादइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. याच गावात मलिक अंबराची कबर आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास हबसाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला, आणि पुढे निजामशाहीचा कारभार आपल्या मुठीत घेऊन मोगलांना दक्खनेत वर्षानुवर्षे अडवून धरणारा हा पुरुष १६२६ साली वारला. त्याच्या मातृभूमीत, म्हणजे आजच्या इथिओपियात, ‘तेल्ला’ नावाची बिअर अद्यापही घरोघर होते, ती करण्याचे काम बायकांकडे असते, आणि तिच्यात कडवटपणासाठी ‘गेशो’ नावाच्या झुडपाचा पाला घालतात. अंबर मुसलमान होता. तेव्हा दक्खनेत त्याला त्या पेयाची आठवण होत असे, असे सुचवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. एवढेच, की बिअर ही कारखान्यात जन्मलेली वस्तू आहे ही आपली समजूत त्याच्या मुलुखातील कोणत्याही गृहिणीस हास्यास्पद वाटेल. आपली ती समजूत होण्यास मात्र कारण आहे. खुलताबादहून घाट उतरून शहर ओलांडले की वाळूजची औद्योगिक वसाहत लागते, आणि त्या परिसरातील बिअरचे प्रचंड कारखाने जायकवाडीच्या पाण्यावर चालतात.

आता कायदा. महाराष्ट्रात मद्यनिर्मितीचे नियमन १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने होते, ज्याचे नाव पुढे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम असे झाले. परवान्यावाचून मद्य तयार करण्यास त्या अधिनियमाने मनाई आहे, आणि बिअर ही त्याच्या दृष्टीने मद्यच होय. मग ती शंभर पिंपे असो की माजघरातील एक बरणी, विकण्यासाठी असो की स्वतःच्या घोटापुरती. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, आणि तेथे दारूचा मक्ता गुत्तेदारांना देऊन त्यांच्याकडून सरकारी खजिना भरून घेण्याची वहिवाट होती; ‘आबकारी’ हा फारशी शब्द आमच्या वडील पिढीच्या तोंडी होता तो तेव्हापासूनचा. आज त्या खात्यास राज्य उत्पादन शुल्क विभाग म्हणतात. नाव बदलले, परंतु दारूच्या पिंपावर सरकारची नजर असावी ही कल्पना निजामाहून, आणि खरे तर मोगलांहूनही, पुष्कळ जुनी आहे.

कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर एक संपूर्ण अध्याय आहे. मद्य कोठे विकावे, कोणास किती द्यावे, पानगृहात आसनांची आणि ऋतुमानाप्रमाणे गंध, पुष्पे, पाणी यांची सोय कशी असावी, आणि तेथे बसून वाजवीपेक्षा अधिक खर्च करणाऱ्यावर नजर कशी ठेवावी, हे सर्व त्यात आहे. ‘मेदक’ नावाच्या पेयाची कृती तर मापांसह दिली आहे: पाणी एक द्रोण, तांदूळ अर्धा आढक, किण्व तीन प्रस्थ. किण्व म्हणजे आंबवण्याचे बीज, ज्याला आज आपण यीस्ट म्हणतो त्याचा पूर्वज. परंतु आमचे लक्ष ज्या तरतुदीने वेधून घेतले ती निराळी आहे. कुटुंबवत्सल गृहस्थांना घरातील कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा कौटिल्य देतो, आणि उत्सव, मेळे, यात्रा यांसाठी चार दिवसांची सवलत देतो. ज्या ग्रंथकाराने सोन्याच्या कणाकणाचा हिशेब मागितला, त्याने चुलीपाशी हात आखडता घेतला. याच ग्रंथाची चिकित्सक आवृत्ती मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी सिद्ध केली. ज्यांना हा अध्याय मुळातून वाचावयाचा असेल त्यांनी तिकडे वळावे.

इतर देशांनी ही चुलीपुरती सवलत फार उशिरा दिली. इंग्लंडात घरगुती बिअरवरील परवान्याची अट १९६३ साली उठली. अमेरिकेत मद्यबंदी १९३३ साली संपली, तरी घरी बिअर करणे केंद्रीय कायद्याने रीतसर मोकळे होण्यास १९७८ साल उजाडावे लागले; त्या विधेयकावर अध्यक्ष कार्टर यांनी सही केली. आज तेथे एका प्रौढास वर्षाकाठी शंभर गॅलन, आणि दोन किंवा अधिक प्रौढांच्या घरास दोनशे गॅलन बिअर करमुक्त करता येते, मात्र विकता येत नाही. तेव्हा तेथे स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी गृहस्थाच्या तळघरात हा उद्योग चालला असेल तर त्यात गैर काही नाही. तोच उद्योग खुलताबादेत गुन्हा होतो. भाच्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, “मग निदान ते कसे करतात एवढे तरी सांगा.” सांगण्यास हरकत नाही, आणि सांगू लागले की एक चमत्कारिक गोष्ट ध्यानी येते: त्यातील बहुतेक क्रिया त्याच्या आजीला येत होत्या.

पहिली क्रिया मोड आणण्याची. सातू, म्हणजे जव, भिजवून त्यास मोड येऊ देतात आणि मोड पुरते फुटण्यापूर्वी मंद आंचेवर वाळवतात. दाणा उगवू लागला की आपल्या पोटातील पिष्ट अंकुरास खाऊ घालण्यासाठी तो काही पाचक द्रव्ये निर्माण करतो. माणूस लबाडीने ती द्रव्ये तयार होऊ देतो आणि अंकुराचा घास मात्र स्वतःसाठी राखतो. अशा वाळवलेल्या दाण्यास माल्ट म्हणतात. आता वाचक भगिनींनी क्षणभर थांबून नाचणी सत्त्व कसे करतात ते आठवावे: नाचणी भिजवणे, फडक्यात बांधून मोड आणणे, सावलीत वाळवणे, भाजणे, दळणे. तान्ह्या मुलास भरवण्यासाठी हे करणारी माउली माल्टच करीत असते. तिला तो शब्द ठाऊक नसतो, इतकेच. ज्वारीचेही असे करता येते आणि आफ्रिकेत ज्वारीची बिअर पुष्कळ ठिकाणी होते, परंतु तेथे एक सावधगिरी लागते. कोवळ्या ज्वारीच्या कोंबांत विषारी द्रव्य असते. आपल्याकडे गुरांना किराळ लागते ती त्यामुळेच. म्हणून मोड आलेल्या ज्वारीचे कोंब आणि मुळ्या वाळल्यावर चोळून पूर्ण काढून टाकावे लागतात.

दुसरी क्रिया भिजवण्याची, आणि येथे तापमापक हवा. भरडलेला माल्ट सुमारे पासष्ट ते अडुसष्ट अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवतात. या अवधीत दाण्यातील पाचक द्रव्ये पिष्टाची साखर करतात. पाणी थंड राहिले तर काम रेंगाळते, फार तापले तर ती द्रव्येच मरतात. वीस लिटर बिअरसाठी चार ते पाच किलो माल्ट पुरतो. मग तो गोड रस गाळून घेऊन तासभर उकळतात आणि त्यात हॉप्स घालतात. हॉप्स ही एका वेलीची फुले. त्यांनी कडवटपणा आणि सुगंध येतो, आणि काही अंशी रस टिकण्यासही मदत होते. आपल्या देशात हिमाचलातील लाहौलच्या खोऱ्यात त्यांची लागवड झाली आहे. दक्खनेत ही वेल रुजण्याची आशा धरू नये.

तिसरी क्रिया विरजणाची. उकळता रस त्वरेने वीसेक अंशांपर्यंत थंड करून त्यात यीस्ट सोडतात. दुधात विरजण घालताना दूध कोमट आहे की नाही हे बोट बुडवून पाहणाऱ्या आजीला यामागील तत्त्व समजावून सांगावे लागले नसते: तापलेल्यात घातले तर बीज मरते. भेद इतकाच की दह्याच्या जीवाणूंनी आंबटपणा येतो, आणि यीस्टने साखरेपासून मद्यार्क आणि कर्बवायू होतो. हे यीस्ट सजीव असते, ही गोष्ट निर्विवाद करण्याचे मोठे श्रेय लुई पाश्चरकडे जाते. बिअरवरील त्याचा ग्रंथ १८७६ सालचा आहे. त्यानंतर सातच वर्षांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन याने यीस्टची एकच शुद्ध जात वेगळी करून वाढवली. तोपर्यंत बिअर बिघडली की दैवाला दोष देत. त्यानंतर भांड्याला देऊ लागले.

आणि भांड्याचा दोष खरोखरच सर्वांत मोठा असतो. नवशिक्या माणसाची बिअर बिघडते ती बहुधा माल्ट हलका होता म्हणून नव्हे, तर नळी, झाकण किंवा बरणी नीट निर्जंतुक झाली नव्हती म्हणून. लोणच्याच्या बरणीस ओला चमचा लावणाऱ्या सुनेवर सासू डोळे वटारी, तीच दृष्टी येथे हवी. रस थंड झाल्यापासून त्यास स्पर्श करणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक केलेली असली पाहिजे, आणि बरणीच्या तोंडाशी वायू बाहेर जाईल पण हवा आत येणार नाही अशी पाण्याची पकड असली पाहिजे. आंबणे एक ते दोन आठवडे चालते. ते संपले की नाही हे बुडबुड्यांवरून ठरवू नये, घनतामापकाने ठरवावे. पाणी १.००० धरले तर आरंभी रस १.०५० भरतो, शेवटी १.०१० च्या आसपास उतरतो आणि तेथेच दोन-तीन दिवस स्थिर राहतो. या दोन आकड्यांतील फरकावरून मद्यार्काचे प्रमाण सुमारे पाच टक्के निघते. मग बाटल्या भरताना लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर घालतात, जेणेकरून बंद बाटलीत थोडे आंबून फेस यावा. हात सैल सुटला, किंवा आंबणे पुरते होण्यापूर्वीच बाटली बंद केली, तर बाटली फुटते, आणि फुटलेली काच बिअरपेक्षा फार अधिक काळ आठवणीत राहते.

हातभट्टी या शब्दाने आपल्याकडे जो धसका बसला आहे त्याचा येथे खुलासा करणे अवश्य आहे. हातभट्टीत आंबवलेला रस तापवून त्याची वाफ पकडतात. बिअरमध्ये ऊर्ध्वपातन मुळीच नसते. २०१५ च्या जून महिन्यात मुंबईत मालवणी येथे शंभराहून अधिक माणसे दगावली ती मिथेनॉल मिसळलेल्या विषारी दारूने. धान्याच्या साध्या आंबवणीत असले विष साचत नाही. परंतु घरी वाफ पकडण्याचा प्रयोग कोणी, कोणत्याही देशात, गमतीखातरही करू नये.

मराठवाड्यात या उद्योगाला आणखी दोन अडचणी आहेत, आणि त्या कायद्याच्या नव्हेत. पहिली उष्म्याची: वैशाखात चाळीस अंशांच्या खोलीत यीस्ट बेफाम होते आणि पेयास उग्र वास मारतो, जमले तर मार्गशीर्ष-पौषातच जमावे. दुसरी पाण्याची. एक लिटर बिअरमागे, भांडी धुण्यापासून रस थंड करण्यापर्यंत, त्याच्या कित्येक पट पाणी जाते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्याच सुमारास उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मितीच्या कारखान्यांचे पाणी साठ टक्क्यांपर्यंत तोडण्याचा हुकूम दिला. हंडे घेऊन टँकरच्या रांगेत उभा राहिलेला माणूस या विषयाकडे कोणत्या नजरेने पाहत असेल, हे आम्हांस सांगता येते; आम्ही त्या रांगेत उभे राहिलो आहोत.

ज्याला ही विद्या राजरोस शिकावयाची असेल त्याला मार्ग अगदीच नाही असे नाही. महाराष्ट्रात लहान प्रमाणावर बिअर करून तेथल्या तेथे विकण्याचा परवाना मिळू लागल्यावर २००९ साली पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी एक सुकेतू तळेकर. त्या नावाची मौज अशी की तो इंग्रजी शब्द मुळात आपली नाशिकजवळची देवळाली. मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत त्या छावणीत महिनोन्‌महिने कुजणाऱ्या गोऱ्या शिपायांची डोकी फिरत, त्यावरून डोके फिरलेल्यास इंग्रज ‘डूलाली’ म्हणू लागला. पुढे पुण्या-मुंबईकडे असे पुष्कळ उपक्रम निघाले. तेथे उमेदवारी करावी, किंवा निदान तांब्या-पोलादाच्या त्या भांड्यांपाशी उभे राहून पाहावे. तेथे जाणाऱ्याने वयही पाहावे. बिअरसाठी राज्यात एकवीस वर्षे पूर्ण लागतात.

भाचा अर्थातच निराश झाला. आम्ही त्याला आंबील लावण्यास सांगितले. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावास्येला शेतात डेरे भरून जी आंबील नेतात ती मोठ्या थाटाची. आमच्या घरची साधी, ज्वारीचे पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवावयाचे, सकाळी उकळत्या पाण्यात सोडून शिजवावयाचे, वर जिरे, लसूण, मीठ. तिच्यात नशा नाही, आबकारीचा काही संबंध नाही, पण आंबण्यावर डोळा ठेवण्याची सवय तिच्यातून लागते. त्याने वहीत वेळ लिहिली, भांडे उकळत्या पाण्याने धुतले, आणि ते चुलीशेजारच्या कोनाड्यात ठेवले. सकाळी आंबील इतकी आंबट झाली होती की ती गुरांपुढे ठेवावी लागली. दुसऱ्या रात्री, कोणी काही न सांगता, त्याने भांडे उचलून माठाला टेकवून ठेवले.