रसशाळेची पाटी आणि नोंदवहीतील नाव

महाराष्ट्रातील आयुर्वेदीय औषधनिर्मिती बहुतांशी घराण्यांतून वाढली. पनवेलच्या धूतपापेश्वरची स्थापना १८७२ सालची. पुढे गावोगावी वैद्यांनी आपापल्या रसशाळा उभारल्या आणि रुग्ण एखादे तेल वा वटी केवळ नावावर मागू लागले. असे नाव ही घराण्याची मिळकतच होय. जमिनीचा सातबारा वारसांच्या नावे करून घेण्यात आपण सहसा हयगय करीत नाही; औषधाच्या नावाची नोंद मात्र दिवंगत आजोबांच्याच नावे राहून जाते. वाटणीचा, विक्रीचा अथवा नकली मालाविरुद्ध दाव्याचा प्रसंग आला की ही उणीव उघडी पडते.

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. मालक तोच राहून त्याचे नाव वा पत्ता बदलणे हे नामांतर. मालकच बदलणे हे हस्तांतर. कंपनीने रीतसर नवे नाव घेतले, किंवा वैद्य भगिनींनी विवाहानंतर राजपत्रात नाव बदलून घेतले, तर ते नामांतर. वडिलांच्या एकल मालकीच्या व्यवसायात मुलगा भागीदार झाला आणि व्यापारचिन्ह भागीदारी संस्थेच्या मालकीचे करावयाचे ठरले, तर पाटी तीच असूनही ते हस्तांतर ठरते. मालकाच्या मृत्यूनंतर वारसांकडे हक्क जाणे हेही याच दुसऱ्या प्रकारात मोडते; तेथे मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्र वा वारसाहक्काचे कागद लागतात.

पूर्वी यांसाठी टीएम-२४, टीएम-३३ असे निरनिराळे फॉर्म होते. ६ मार्च २०१७ पासून लागू झालेल्या नियमांनुसार नोंदणीकृत चिन्हाबाबतचे हे दोन्ही बदल टीएम-पी या एकाच फॉर्मवर मागावे लागतात. म्हणूनच त्यातील योग्य पर्याय निवडणे महत्त्वाचे. हस्तांतर असताना नामांतराचा पर्याय निवडल्यास जोडलेले कागद आणि मागणी यांचा मेळ बसत नाही. मूळ अर्ज अद्याप प्रलंबित असेल, तर त्यातील दुरुस्तीसाठी टीएम-एम हा फॉर्म आहे.

व्यापारचिन्ह अधिनियम १९९९ च्या कलम ४५ चे मर्म असे की, नोंदीसाठी अर्ज होईपर्यंत, व्यवहाराची माहिती नसताना त्याच चिन्हावर विरोधी हक्क मिळविणाऱ्या त्रयस्थाविरुद्ध ते हस्तांतर परिणामकारक ठरत नाही. म्हणून करारपत्र कपाटात ठेवून भागत नाही. शिवाय नोंदणीची मुदत दहा वर्षांची असते. नूतनीकरणाची सूचना नोंदीतील मालकाला जाते. पत्ता जुना असेल तर ती आपल्यापर्यंत पोहोचेलच असे नाही.

करारपत्र करताना पुढील बाबी पाहाव्यात. चिन्हाचा नोंदणी क्रमांक व वर्ग अचूक लिहावा. औषधे वर्ग ५ मध्ये येतात. व्यवसायाच्या नावलौकिकासह चिन्ह दिले की त्याविना, हे स्पष्ट असावे. नावलौकिकाविना दिल्यास कलम ४२ नुसार सहा महिन्यांत जाहिरातीबाबत निबंधकांचे निर्देश मागावे लागतात. परस्परसंलग्न म्हणून नोंदलेली चिन्हे सुटी सुटी देता येत नाहीत. लेबलावरील चित्राचा स्वामित्वहक्क निराळा असतो. त्याच्या लेखी हस्तांतरात मुदत न लिहिल्यास ती पाच वर्षांचीच मानली जाते. करारपत्रास मुद्रांक शुल्क भरणे विसरू नये.

येथे दोन गैरसमज दूर केले पाहिजेत. पहिला परवान्याविषयी. चिन्ह विकत घेतल्याने औषधनिर्मितीचा परवाना मिळत नाही. नव्या मालकाकडे स्वतःचा २५-डी अथवा कर्जाऊ परवान्याचा २५-ई असणे आवश्यक आहे. लेबलावर निर्मात्याचे नाव, पत्ता व परवाना क्रमांक अनिवार्य असल्याने अन्न व औषध प्रशासनाकडील नोंद आणि व्यापारचिन्हाची नोंद यांत विसंगती राहू देऊ नये.

दुसरा गैरसमज ‘पेटंट’ या शब्दाचा. औषध कायद्यात ज्यास पेटंट वा प्रोप्रायटरी औषध म्हणतात, त्यास पेटंट कायद्याखालील पेटंट असतेच असे नाही. पारंपरिक ज्ञान म्हणजे शोध नव्हे, असे पेटंट कायद्याचे कलम ३(पी) सांगते. च्यवनप्राश, त्रिफळा ही ग्रंथोक्त नावे सर्व वैद्यवर्गाची आहेत. ती कोणी एकट्याने विकावयाची नाहीत. घरगुती पाठाची गुप्तता हस्तांतरित करावयाची असेल, तर तिचा उल्लेख करारातच करावा लागतो.

आमची सभासदांना विनंती आहे की, येत्या धन्वंतरीपूजनाच्या दिवशी परवाने आणि नोंदणीची प्रमाणपत्रेही एकदा बाहेर काढावीत. व्यापारचिन्ह कार्यालयाच्या संकेतस्थळावर आपला क्रमांक घालून मालक म्हणून कोणाचे नाव आहे ते पाहावे. ते नाव हयात मालकाचे नसेल, तर जाणती पिढी सह्या करण्यास आपल्यात आहे तोवरच कागद पुरे करून घेणे हिताचे.