खिशातील पारंपरिक चाकू

खिशातील पारंपरिक चाकू म्हणजे ज्याचे पाते मुठीतील खाचेत मिटून बसते आणि ज्याचा आकार, साहित्य व घडण एखाद्या प्रदेशाच्या जुन्या परंपरेनुसार असते, असा लहान घडीचा चाकू होय. फळे चिरणे, दोरी कापणे, पेन्सिलीला टोक करणे, पाकिटे उघडणे, कलमे करणे अशा किरकोळ कामांसाठी तो रोज जवळ बाळगला जातो. एकेकाळी शेतकरी, मेंढपाळ, खलाशी, कारकून आणि शाळकरी मुले अशा सर्वांच्या खिशात असणारी ही वस्तू विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागे पडली. आज ती टिकून आहे ती मुख्यतः थोड्या कारखान्यांमुळे आणि ती रोज वापरणाऱ्या हौशी लोकांमुळे.

या चाकूचे वैशिष्ट्य असे की, तो कपाटात ठेवून जपता येत नाही. त्याची धार, त्याची स्प्रिंग आणि समाजातील त्याचे ‘अवजार’ हे स्थान या तिन्ही गोष्टी वापरानेच टिकतात.

नाव

मराठीतील ‘चाकू’ हा शब्द फारसीमार्गे आलेला आहे. इंग्रजीत लहान घडीच्या चाकूला ‘पेननाइफ’ म्हणतात. पिसाच्या लेखणीला टोक करण्यासाठी तो वापरला जाई, म्हणून हे नाव पडले. महाराष्ट्रातही टाक सर्वत्र रूढ होण्यापूर्वी लेखनासाठी बोरू वापरत. बोरूचे टोक तिरपे छाटून त्याला मधोमध चीर पाडण्यासाठी धारदार लहान चाकू लागे. लेखणी आणि चाकू यांचे हे नाते युरोप व भारत या दोन्हीकडे समान होते.

रचना

पारंपरिक घडीच्या चाकूंचे रचनेनुसार तीन मुख्य प्रकार पडतात.

घर्षणाचा चाकू: यात स्प्रिंग नसते. पाते एका खिळीभोवती फिरते आणि घट्ट बसवलेल्या मुठीच्या घर्षणाने जागेवर राहते. हा सर्वांत जुना व सर्वांत सोपा प्रकार होय.

स्लिपजॉइंट: यात मुठीच्या पाठीकडून पोलादाची एक लवचीक पट्टी बसवलेली असते. पात्याच्या बुंध्याच्या सपाट बाजूवर ही पट्टी दाब देते, त्यामुळे पाते उघडे किंवा मिटलेले राहते. मात्र ते पक्के अडकत नाही. पुरेसा जोर दिल्यास ते मिटते. पाते बाहेर काढण्यासाठी त्यावर नखापुरती खाच कोरलेली असते.

अडकणीचा चाकू: यात पाते उघडल्यावर कडी, दांडी किंवा खटक्याने पक्के बसते आणि अडकण सोडवल्याशिवाय मिटत नाही.

स्लिपजॉइंट चाकूची परीक्षा जाणकार हाताने आणि कानाने करतात. पाते उघडताना लागणारा जोर, वाटेत अर्ध्यावर घेतलेला थांबा आणि शेवटी स्प्रिंग बसल्याचा ‘खट्’ असा स्वच्छ आवाज, यांवरून कारागिराचे कसब कळते. पाते व पट्टी यांच्यातील हा मेळ साधण्यासाठी प्रत्येक चाकू जुळवताना कानशीने थोडे थोडे घासावे लागते.

इतिहास

युरोपात घडीचे चाकू लोहयुगापासून आढळतात. ऑस्ट्रियातील हालश्टाट येथे सापडलेला हाडाच्या मुठीचा चाकू इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुमाराचा मानला जातो. रोमन काळातील घडीचे चाकूही अनेक ठिकाणच्या उत्खननांत मिळाले आहेत. पाठीच्या स्प्रिंगचा चाकू सतराव्या शतकात इंग्लंडमधील शेफील्ड येथे मोठ्या प्रमाणावर बनू लागला, आणि त्यानंतर ही वस्तू सामान्य माणसाच्या आवाक्यात आली.

प्रमुख परंपरा

शेफील्ड (इंग्लंड)

शेफील्डच्या चाकूंची ख्याती घडीच्या चाकूपेक्षाही जुनी आहे. चौदाव्या शतकातील कवी जेफ्री चॉसर याच्या ‘कँटरबरी टेल्स’ या काव्यात एका गिरणीवाल्याजवळ शेफील्डचा चाकू असल्याचा उल्लेख येतो. इ.स. १६२४ मध्ये तेथील चाकूकारांचा संघ कायद्याने स्थापन झाला. वाहत्या ओढ्यांवर चालणारी पाणचक्की आणि धार लावण्यास योग्य असा वालुकाश्म या दोन्ही गोष्टी जवळच असल्याने हा धंदा तेथे वाढला.

तेथील काम लहान लहान स्वतंत्र कारागिरांत विभागलेले असे. त्यांना ‘लिटल मेस्टर’ म्हणत. एकजण पाते घडवी, दुसरा त्याला धार लावी, तिसरा मूठ बसवून चाकू जुळवी. या कीर्तीची किंमतही मोठी होती. कोरड्या दगडी चाकावर धार लावणाऱ्यांच्या फुफ्फुसांत दगडाची व धातूची धूळ साठत असे, आणि त्यांतील अनेक जण तरुणपणीच दगावत. एकोणिसाव्या शतकातील शेफील्डच्या डॉक्टरांनी या रोगाविषयी लिहून ठेवले आहे. स्टॅन शॉ (१९२६–२०२१) हे या परंपरेतील अखेरच्या नामवंत कारागिरांपैकी एक होते. आज शेफील्डमध्ये हाताने घडीचे चाकू बनवणारे मोजकेच कारागीर उरले आहेत.

ओपिनेल आणि लागिओल (फ्रान्स)

आल्प्स पर्वतातील सव्हॉय प्रदेशात जोसेफ ओपिनेल या तरुणाने इ.स. १८९० मध्ये एक साधा घर्षणाचा चाकू तयार केला. गोल लाकडी मूठ, तीत पाडलेली एक खाच, एक खीळ आणि कार्बन पोलादाचे पाते एवढेच त्याचे भाग होते. इ.स. १८९७ पासून त्याचे १ ते १२ क्रमांकांचे आकार ठरवण्यात आले. इ.स. १९५५ मध्ये त्याला पाते अडकवणारी फिरती कडी जोडण्यात आली. त्यांतील ८ क्रमांकाचा, ८.५ सें.मी. पात्याचा चाकू सर्वांत परिचित आहे. पात्यावरील मुकुट व आशीर्वादाचा हात ही खूण इ.स. १९०९ पासून वापरात आहे.

लागिओल हा चाकू दक्षिण फ्रान्समधील त्याच नावाच्या गावाशी जोडला जातो. त्याच्या स्प्रिंगच्या टोकावर माशीची किंवा मधमाशीची आकृती असते. काही मुठींवर बारीक खिळ्यांनी क्रूसाची नक्षी केलेली असते. कुरणावर एकट्या असलेल्या मेंढपाळाने चाकू भाकरीत रोवून त्या क्रूसासमोर प्रार्थना करावी, अशी त्यामागची लोककथा सांगितली जाते. हे चाकू मुख्यत्वे तिएर या जुन्या चाकूकारांच्या शहरातही बनतात.

स्विस सैनिकी चाकू

स्वित्झर्लंडमधील कार्ल एल्सेनर यांनी इ.स. १८९१ मध्ये आपल्या सैन्याला घडीचे चाकू पुरवण्यास प्रारंभ केला. इ.स. १८९७ मध्ये अधिक हलका ‘अधिकाऱ्यांचा चाकू’ तयार झाला. त्यात एकाच स्प्रिंगवर दोन्ही बाजूंची अवजारे बसवलेली होती. आज व्हिक्टोरिनॉक्स या नावाने ओळखला जाणारा हा चाकू मूलतः स्लिपजॉइंटच आहे.

अमेरिका

इंग्लंडमधून गेलेले आकार अमेरिकेत स्थिरावले. गुरे राखणाऱ्यांसाठी तीन पात्यांचा ‘स्टॉकमन’, कातडी सोलण्यासाठी दोन लांब पात्यांचा ‘ट्रॅपर’ आणि मजबूत पण स्वस्त ‘बार्लो’ हे त्यांतील काही प्रकार होत. मार्क ट्वेनच्या ‘टॉम सॉयर’ (१८७६) या कादंबरीतील टॉमला बार्लो चाकू मिळाल्याने झालेला आनंद प्रसिद्ध आहे. केस ही कंपनी इ.स. १९७० पासून पात्याच्या बुंध्यावर ठिपके उमटवू लागली. दरवर्षी एक ठिपका कमी होत जाई, त्यामुळे ठिपके मोजून चाकूचे वर्ष ओळखता येते. इ.स. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनियातील टायटसव्हिल येथे स्थापन झालेल्या ग्रेट ईस्टर्न कटलरी या कंपनीने जुने आकार कार्बन पोलादात पुन्हा बनवण्यास सुरुवात केली.

हिगोनोकामी (जपान)

जपानमधील ह्योगो प्रांतातील मिकी हे गाव लोहारकामासाठी प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे हिगोनोकामी हा चाकू रूढ झाला. दुमडलेल्या पत्र्याची मूठ आणि बुंध्याला लहान दांडी असलेले पाते अशी त्याची रचना असते. पाते उघडल्यावर ती दांडी अंगठ्याने दाबून धरायची असते. पेन्सिलीला टोक करणे आणि बांबूची खेळणी बनवणे यांसाठी तो जपानी मुलांच्या खिशात हमखास असे.

इ.स. १९६० मध्ये समाजवादी नेते इनेजिरो असानुमा यांची टोकियोत भर सभेत सतरा वर्षांच्या मुलाने आखूड तलवारीने हत्या केली. त्यानंतर मुलांच्या हाती धारदार वस्तू देऊ नयेत अशी मोहीम देशभर पसरली. हत्येत हिगोनोकामी वापरला गेला नव्हता. तरीही शाळकरी मुलांच्या खिशातून तोच नाहीसा झाला. पेन्सिलीला टोक करणाऱ्या यंत्रांनी उरलेली गरज संपवली, आणि एकामागून एक कारखाने बंद पडले. आज हिगोनोकामी हे नाव अधिकृतपणे वापरणारा एकच कारखाना मिकीत उरला आहे. याउलट, नागानो प्रांतातील एका प्राथमिक शाळेत १९८०च्या दशकापासून पहिलीच्या मुलांना हा चाकू देऊन त्यानेच पेन्सिलीला टोक करण्यास शिकवले जाते.

रोजचा वापर आणि हौशी वर्तुळे

एकविसाव्या शतकात पारंपरिक चाकूंच्या हौशी लोकांमध्ये ‘आज खिशात कोणता चाकू’ हे एकमेकांना दाखवण्याची प्रथा रूढ झाली आहे. संग्राहक आणि वापरकर्ता यांतील भेद येथे महत्त्वाचा ठरतो. संग्राहकाला न वापरलेला, डब्यातील चाकू मोलाचा वाटतो, तर रोज बाळगणाऱ्याला झिजलेली मूठ आणि काळवंडलेले पाते प्रिय असते. त्यामुळे अशा छायाचित्रांत चाकूशेजारी अर्धे कापलेले सफरचंद, सोललेली फांदी किंवा न्याहारीचे ताट हटकून दिसते.

या प्रथेचे काही प्रत्यक्ष परिणाम होतात. एका पिढीकडून दुसरीकडे आलेल्या चाकूंची ओळख पटते. ठसे व खुणा यांवरून त्यांचा काळ ठरवता येतो. दुरुस्ती आणि धार लावण्याचे ज्ञान हस्तांतरित होते. जुन्या आकारांना मागणी राहिल्याने लहान कारखान्यांना काम मिळते.

चाकू भेट देताना घेणाऱ्याने देणाऱ्याला एक नाणे द्यावे, असा संकेत युरोप व अमेरिकेत आढळतो. धारदार वस्तू फुकट घेतल्यास मैत्री तुटते, म्हणून ती नावापुरती विकत घ्यावी, अशी त्यामागची समजूत आहे.

देखभाल

जुन्या पद्धतीच्या चाकूंत बहुधा कार्बन पोलाद असते. ते दगडावर सहज धार घेते, परंतु ओलाव्याने गंजते. आंबट फळे कापल्यावर त्यावर निळसर करडी झाक येते. तिला पॅटिना म्हणतात. ही झाक म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा पातळ थर असून तांबड्या गंजाला ती काहीसा अटकाव करते. वापरानंतर पाते पुसून कोरडे करणे, खिळीवर अधूनमधून तेलाचा थेंब सोडणे आणि बोथटपणा जाणवताच धार लावणे एवढी काळजी पुरेशी असते. बोथट चाकूला अधिक जोर द्यावा लागतो आणि तो निसटून इजा होण्याचा संभव वाढतो. स्लिपजॉइंटचे पाते टोचण्यासाठी किंवा उचकटण्यासाठी वापरू नये, कारण ते बोटांवर मिटू शकते.

कायदा

घडीचा चाकू अवजार आहे की शस्त्र, याचे उत्तर देशोदेशी वेगळे दिले जाते.

ब्रिटन: इ.स. १९८८ च्या फौजदारी न्याय कायद्यानुसार सार्वजनिक जागी धारदार वस्तू सबळ कारणाविना बाळगणे गुन्हा आहे. तीन इंचांपर्यंत धार असलेला घडीचा चाकू याला अपवाद आहे. मात्र पाते अडकणारा चाकू या अपवादात बसत नाही, असे न्यायालयांनी ठरवले आहे. त्यामुळे तेथे स्लिपजॉइंटला विशेष महत्त्व आले.

जपान: ६ सें.मी.हून लांब पात्याचा चाकू योग्य कारणाशिवाय बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. काही घडीच्या चाकूंना त्यातून मर्यादित सूट आहे.

भारत: शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांनुसार ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची धारदार शस्त्रे नियंत्रित वर्गात मोडतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. याखेरीज महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ अन्वये मनाई आदेश लागू असताना चाकू बाळगण्यावरही बंदी घालता येते.

विमान प्रवास: इ.स. २००१ मधील अमेरिकेतील हल्ल्यांनंतर हातातील सामानात चाकू नेण्यावरील निर्बंध जगभर कडक झाले. अमेरिकेत इ.स. २०१३ मध्ये लहान चाकूंना परवानगी देण्याचा प्रस्ताव मांडण्यात आला होता, परंतु विरोधामुळे तो मागे घेण्यात आला.

भारतातील संदर्भ

उत्तर प्रदेशातील रामपूर येथील घडीचा, खटक्याचा चाकू ‘रामपुरी’ या नावाने भारतभर परिचित आहे. मुंबईत तयार होणाऱ्या हिंदी चित्रपटांनी तो गुंडाच्या हातात दाखवल्यामुळे मराठी भाषेतही ‘रामपुरी’ हा शब्द शस्त्राच्याच अर्थाने रुळला. निर्बंध आणि यंत्रनिर्मित स्वस्त चाकू यांमुळे तेथील कारागिरांची संख्या घटली. इ.स. २०२३ मध्ये रामपूर शहरातील एका चौकात सुमारे २० फूट लांबीची रामपुरी चाकूची प्रतिकृती उभारण्यात आली.

रामपुरी आणि हिगोनोकामी यांच्या वाटचालीत एक साम्य दिसते. वस्तू रोजच्या कामातून बाहेर पडली की लोकांना तिची ओळख केवळ बातमीतून किंवा पडद्यावरून होते, आणि मग तिच्याविषयीची भीती वाढते. सफरचंद चिरणारा चाकू ज्यांनी पाहिलेलाच नाही, त्यांना कोणताही चाकू शस्त्रच वाटतो. दुसरीकडे, चाकूने होणारी हिंसा हा अनेक शहरांतील खरा प्रश्न असल्याने निर्बंधांची बाजूही निराधार नाही. म्हणूनच हौशी वर्तुळांतील काही शिष्टाचार महत्त्वाचे ठरतात: स्थानिक कायदा आधी समजून घेणे, अनोळखी लोकांसमोर पाते विनाकारण न उघडणे, चाकू दुसऱ्याच्या हाती देताना तो मिटून देणे आणि लहान मुलांना तो वडीलधाऱ्यांच्या देखरेखीखालीच वापरू देणे.

हे सुद्धा पहा

अडकित्ता
कट्यार
बोरू
विळी