टेस्ट एकच, सूट अनेक: ऑटोमेशनची प्लेलिस्ट कशी लावायची?

ऑटोमेशन शिकणारे बरेच जण एका टप्प्यावर येऊन अडकतात. टेस्ट लिहून होतात, त्या शेकड्यांत जातात आणि मग प्रश्न पडतो, की प्रत्येक वेळी सगळ्याच चालवायच्या का? आज त्यावरच बोलू.

टेस्ट एक गोष्ट तपासते. उदाहरणार्थ, चुकीचा पासवर्ड टाकला तर ॲप आत सोडत नाही ना? सूट म्हणजे एकत्र चालवायच्या टेस्टची यादी. तुमच्या फोनमधली प्लेलिस्ट आठवा. एकच गाणं जिमच्या लिस्टमध्ये असतं आणि प्रवासाच्याही, पण ते आपण दोनदा डाउनलोड करत नाही. टेस्टचंही तसंच. लॉगिनची टेस्ट स्मोक सूटमध्ये असेल, रिग्रेशनमध्येही असेल, पण लिहिलेली एकदाच.

स्मोक सूट छोटा. नवीन बिल्ड आला, की ॲप उघडतंय का, लॉगिन होतंय का, पैसे भरता येतात का, एवढंच काही मिनिटांत बघायचं. रिग्रेशन मोठा. काल चालत होतं ते आज बिघडलं नाही ना, हे तो तपासतो, म्हणून बहुतेक टीम तो रात्री लावतात.

नवखे लोक इथे स्मोक नावाचं फोल्डर करून त्यात टेस्ट कॉपी करतात. मग लॉगिनची स्क्रीन बदलली, की दोन ठिकाणी दुरुस्ती आली, आणि एक हमखास राहते. त्यापेक्षा टेस्टवर खूण करा. पायथॉनच्या पायटेस्टमध्ये तिला मार्कर म्हणतात. 'पायटेस्ट डॅश एम स्मोक' म्हटलं, की फक्त स्मोकची खूण असलेल्या टेस्ट चालतात. जावावाल्यांसाठी जेयुनिट ५ मध्ये टॅग आहेत, टेस्टएनजीमध्ये ग्रुप.

एक सावधगिरी. मार्करचं स्पेलिंग चुकलं तर पायटेस्ट फक्त वॉर्निंग देतं, आणि तुमची टेस्ट सूटमधून गुपचूप गळते. म्हणून मार्करची नावं कॉन्फिग फाइलमध्ये नोंदवा आणि 'स्ट्रिक्ट मार्कर्स' चालू ठेवा. मग चुकीचं नाव आलं की थेट एरर.

आता खरी मेख. आमच्या टीममध्ये डिस्काउंट कूपनची एक टेस्ट होती. रिग्रेशनमध्ये कायम हिरवी. स्मोकमध्ये घेतली आणि लगेच लाल! कारण काय, तर कार्टमध्ये वस्तू टाकायचं काम तिच्या आधीची टेस्ट करत होती, आणि ती स्मोकमध्ये नव्हतीच. घाईत आम्ही म्हटलं, "जाऊ दे, काढून टाक स्मोकमधून." पुढच्याच रिलीजमध्ये कूपन लावलं की सवलत वजा व्हायच्या ऐवजी बिलात मिळवली जायला लागली. रिलीज दुपारी झालं, रिग्रेशन रात्री लागणार होतं. चूक आम्हाला ग्राहकांनी सांगितली.

तर मुद्दा हा, की टेस्ट स्वतःच्या पायावर उभी असेल तरच ती कुठल्याही सूटमध्ये चालेल. तिला जे लागतं, ते तिनेच मागून घ्यायचं. पायटेस्टमध्ये यासाठी फिक्स्चर असतं. 'भरलेली कार्ट' नावाचं फिक्स्चर लिहा. ते टेस्टआधी कार्ट तयार करेल आणि नंतर साफ करेल. ते 'कॉन्फटेस्ट' फाइलमध्ये ठेवलं, की त्या फोल्डरमधल्या सगळ्या टेस्टना इम्पोर्ट न करता वापरता येतं.

फिक्स्चर एरवी प्रत्येक टेस्टसाठी नव्याने बनतं. वेळ वाचवायला ते पूर्ण रनसाठी एकदाच बनवता येतं, त्याला सेशन स्कोप म्हणतात. ब्राउझर उघडण्यासारख्या कामाला हे ठीक. कार्टला नाही, कारण एकीने केलेला पसारा दुसरीच्या वाट्याला येतो.

आज एवढंच करा. तुमच्या सूटमधली कुठलीही एक टेस्ट एकटी चालवून बघा. मग दुसरी, मग तिसरी. जी एकटी पडल्यावर लाल होते, तिला सूटमधून हाकलू नका. आधी ती कोणाच्या जिवावर उभी होती ते शोधा.

भेटू पुढच्या भागात!