भिंतीची भीती घालवणाऱ्या बाया

निर्वासितांसाठी काम करणाऱ्या संस्थांमध्ये एक माणूस नेमलेला असतो, केसवर्कर. डॉक्टर नाही, वकील नाही, अधिकारीही नाही. उघड्यावर पडलेल्या कुटुंबाला दवाखान्याचा रस्ता दाखवायचा, कुठला कागद कुठे लागतो ते सांगायचं, त्यांची झोप लागते का हेही विचारायचं, एवढं त्याचं काम. या कामाला मराठीत शब्द नाही असं मी धरून चाललो होतो. मग लातूरच्या भूकंपाविषयी वाचताना एक पदनाम भेटलं आणि मी थांबलोच. संवाद सहायक.

आता संयुक्त राष्ट्रांचा १९५१चा करार देशाची सीमा ओलांडणाऱ्यालाच निर्वासित म्हणतो. भूकंपानं उद्ध्वस्त झालेल्या किल्लारी, सास्तूर, मंगरूळच्या लोकांनी फक्त गावाची शीव ओलांडली. पण सगळं मागे ठेवून पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलेल्या माणसाला हा फरक कोणी समजावून सांगावा?

३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बोळवून गावं झोपलेली. भूकंप ६.२ रिश्टरच्या आसपासचा. जगाच्या हिशेबात हा काही फार मोठा आकडा नव्हे. तरी आठ हजारांच्या आसपास माणसं गेली, कारण मारलं ते घरांनी.

ते घर नीट पाहण्यासारखं आहे. दोन-अडीच हात जाडीची दगडी भिंत, दिसायला किल्ल्यासारखी. पण आतून ती एक भिंत नसतेच. बाहेरचा एक थर, आतला एक थर, मध्ये दगडगोट्यांची भर आणि सांधायला नुसती माती. वर माळवद. लाकडाच्या छतावर मातीचा जाड थर, गळू नये म्हणून वर्षानुवर्षं वाढवत नेलेला. उन्हाळ्यात याच्यासारखं गार घर नाही. जमीन हलली तेव्हा भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले, आणि वरची टनावारी माती झोपलेल्यांवर आली.

साधारण ५२ गावं नव्या जागी हलवली गेली. बातम्या त्यांच्याच झाल्या. त्याहून कितीतरी जास्त गावांत मात्र घरं तडकून उभी होती, आणि ती तिथेच मजबूत करायची होती. इंजिनिअरांचा उपाय असा: भिंतीतले काही दगड अलगद काढून आरपार भोक पाडायचं, त्यात वाकवलेली सळई ठेवायची, काँक्रीट भरायचं. म्हणजे दोन थर एकमेकांना धरून राहतात. भिंतीभोवती जाळी आणि सिमेंटचा पट्टा मारायचा. माळवदावरची माती कमी करायची.

आता हे एखाद्या म्हातारीला जाऊन सांगा. जिची झोप भिंतीच्या धास्तीनं उडालीय, तिला म्हणायचं, आजी, तुमच्या भिंतीला भोकं पाडू द्या, ती मजबूत होईल! इंजिनिअरनं नकाशा दाखवला असता तर तिनं त्याला ओट्यावरूनच वाटेला लावलं असतं, आणि माझ्या मते ते बरोबरच झालं असतं.

इथे संवाद सहायक आल्या. जागतिक बँकेच्या मदतीनं चाललेल्या या दुरुस्ती-मजबुतीच्या कार्यक्रमात लोकसहभागाची जबाबदारी राज्य सरकारनं प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेकडे दिली. लातूर-उस्मानाबादच्या सुमारे १३०० गावांत महिला मंडळांतल्या बाया या कामाला लागल्या. दारोदार जायचं, कुणाला काय मदत मिळणार ते सांगायचं, बांधकामावर लक्ष ठेवायचं, तक्रार साहेबापर्यंत न्यायची. जी बाई तोवर ग्रामसभेची पायरी चढली नव्हती, ती आता सळई कुठे बसली, कुठे नाही, हे विचारू लागली.

मनाचं काय? भूकंपानंतर तपासलेल्या लोकांवरचा एक अभ्यास १९९६ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ सायकियाट्री’त आला. निम्म्याहून अधिक जणांना मानसिक आजार आढळला, मुख्यतः आघातानंतरचा ताण आणि खोल नैराश्य. शरीर धोका विसरत नाही. शेजारून ट्रक गेला तरी छाती धडधडते. जागतिक आरोग्य संघटनेनं २०११मध्ये अशा प्रसंगासाठी मार्गदर्शिका काढली, तिचं सार तीन शब्दांत मावतं: पाहा, ऐका, जोडा. गंमत म्हणजे, काय घडलं ते लगेच खोदून खोदून विचारू नका, असंही तिथे बजावलंय. जबरदस्तीनं सांगायला लावून कुणी बरं होत नाही. आधी निवारा, नातलग, पुढे काय होणार याची खात्री. संवाद सहायकांना मनाचे उपचार करायला कुणी नेमलं नव्हतं. पण दुरुस्तीच्या निमित्तानं पुन्हा पुन्हा त्याच उंबऱ्यावर जाऊन त्या करत होत्या ते याहून फार वेगळं नसावं.

हलवलेल्या गावांत ही येजा, ही विचारपूसच अवघड गेली. नवे रस्ते सरळ, घरं एकमेकांपासून लांब, गाव जुन्याच्या कित्येक पट पसरलेलं. जुन्या गल्लीत भिंतीला भिंत लागून होती. ती धोक्याची होती खरी, पण पलीकडची जाऊ खोकली तरी कळायचं.

२००१मध्ये कच्छ भूकंपानं हादरलं तेव्हा लातूर भागातल्या बाया तिकडे गेल्या. भाषा वेगळी, पण पडलेली भिंत ओळखीची.

आणि २१ मार्च २०२४ला सकाळी सहाच्या सुमाराला हिंगोली-नांदेड भागात ४.५चा धक्का बसला. लोक घराबाहेर धावले. प्रशासनानं आवाहन केलं, पत्रे उडू नयेत म्हणून वर ठेवलेले दगड काढून टाका. आवाहन दोन ओळींचं. पण वाऱ्या-वावटळीत पत्रा कशानं धरून ठेवायचा, हे विचारणाऱ्या माणसाच्या दारात कुणीतरी जाऊन बसावं लागतं, आणि तार कशी ओढायची ते त्याच्यासोबत शिडीवर चढून दाखवावं लागतं.