मांडीवरची शेगडी

गेल्या एप्रिलमध्ये ओपीडीत एक मुलगी आली होती. इंजिनीअरिंगचे शेवटचे वर्ष, सोबत आई. तक्रार थकव्याची आणि चक्करची. हिमोग्लोबिन कमी निघाले, त्यात नवल नव्हते. गोळ्या लिहून दिल्या. उठता उठता आई म्हणाली, "डॉक्टर, हिच्या मांडीवर काय उठलंय तेही बघा ना. दोन महिने मलम लावतोय, जातच नाही."

सिस्टरांना पडदा ओढायला सांगून पाहिले. डाव्या मांडीवर पुढच्या बाजूला तपकिरी-लालसर जाळी उमटली होती, कोळ्याच्या जाळ्यासारखी. खाज नाही, दुखणे नाही, नायट्याची असते तशी कड नाही.

"गरम पाण्याच्या पिशवीने शेकतेस का?"

"नाही सर."

"लॅपटॉप कुठे ठेवून बसतेस?"

ती आईकडे बघू लागली. उत्तर आईनेच दिले, "मांडीवर, आणखी कुठं! गादीवर बसून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत."

मग मुलगी म्हणाली, "पण सर, तो लॅपटॉपही हल्ली बिघडलाय. अर्ध्या तासात पडद्यावर रंगीत रेघा येतात आणि बंदच पडतो." वडिलांनी जुन्यातला घेऊन दिलेला लॅपटॉप, त्यात वर्षभराचा प्रोजेक्ट. म्हणजे माझ्यासमोर एकाच उष्णतेचे दोन रुग्ण होते, त्यातला एक घरी राहिला होता.

त्वचेच्या या जाळीला वैद्यकात 'एरिथिमा ॲब इग्ने' म्हणतात. लॅटिनमध्ये अर्थ साधा आहे, आगीमुळे आलेली लाली. साधारण 43 ते 47 अंश सेल्सिअसची ऊब, म्हणजे भाजणार नाही पण चांगली जाणवेल इतकी, त्याच जागी रोज तासन्‌तास लागत राहिली की त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, रंगद्रव्य साठू लागते. डाग जाळीदार दिसतो कारण खाली रक्तवाहिन्यांचे जाळे तसेच असते. चुलीपुढे आयुष्य काढलेल्या आजीबाईंच्या नडग्यांवर हे डाग आम्ही विद्यार्थिदशेत पाहिले. काश्मीरमध्ये फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी घेऊन बसणाऱ्यांच्या पोटावर आणि मांड्यांवर ते दिसतात. तिथे वर्षानुवर्षांच्या शेकाने त्वचेचा कर्करोगही होतो. लॅपटॉपमुळे आलेल्या डागांची नोंद वैद्यकीय नियतकालिकांत 2004 पासून आहे. 2010 मध्ये स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी बारा वर्षांच्या एका मुलाची हकिकत छापली. तो रोज काही तास मांडीवर लॅपटॉप ठेवून गेम खेळत असे. डाग त्याच्याही डाव्याच मांडीवर होते. अनेक लॅपटॉपची डावी बाजू जास्त तापते.

लॅपटॉपने कर्करोग होतो असे मी म्हणत नाही, उगाच घाबरू नका. शेक वेळीच थांबवला तर डाग बहुधा काही महिन्यांत फिके होतात. मला खरी काळजी मधुमेही मंडळींची वाटते. पायांतली संवेदना कमी झालेली असते, चटका कळत नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी 1947 मध्ये दाखवले होते की 44 अंशांची वस्तू सुमारे सहा तास त्वचेला चिकटून राहिली तरी भाजते, आणि त्यापुढे प्रत्येक अंशागणिक लागणारा वेळ जवळजवळ निम्मा होत जातो. मांडीवर लॅपटॉप सुरू ठेवून डुलकी घेणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा.

पुरुषांसाठी आणखी एक. न्यूयॉर्कमधल्या डॉक्टरांनी 2005 मध्ये 29 निरोगी तरुणांना तासभर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसवले. वृषणांजवळचे तापमान अडीच अंशांहून जास्त वाढले. त्याने वंध्यत्व येतेच असे सिद्ध झालेले नाही, पण मूल हवे असलेल्या जोडप्यांना मी ही सवय सोडायला सांगतो.

आता दुसऱ्या रुग्णाकडे. यातले थोडे मला कळते, कारण दोन वर्षांपूर्वी माझाच लॅपटॉप याच आजाराने गेला. ग्राफिक्स चिप म्हणजे पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग. ती बोर्डाला बारीक कथलाच्या थेंबांनी जोडलेली असते, आणि तिच्या पोटातही असेच, त्याहून बारीक जोड असतात. चिप तापली की फुगते, थंड झाली की आकसते. खालचा थर मात्र वेगळ्या प्रमाणात फुगतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसे हे जोड शेवटी तडकतात. यंत्र जितके जास्त तापेल तितके लवकर. गादी, उशी किंवा मांडी खालची जाळी बंद करते, हवा कोंडते, आणि ती उष्णता चिपला आणि कातडीला वाटून मिळते. त्यात आमच्याकडचा उन्हाळा. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत 35 अंशांपर्यंतच्या खोलीत वापरा असे लिहिलेले असते. मे महिन्यात पंख्याखालची आमची खोली ती मर्यादा सकाळी अकरालाच ओलांडते!

रेघा दिसल्या की पडदा बिघडला असे समजून तो बदलू नका. मी तेच केले आणि पैसे घालवले. आधी केबलने लॅपटॉप घरच्या टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र स्वच्छ असेल तर दोष पडद्यात किंवा त्याच्या वायरीत. टीव्हीवरही रेघा असतील आणि सुरू होताना कंपनीचे चिन्ह येते तेव्हापासूनच दिसत असतील, तर बहुधा चिप गेली. मग दुकानदार म्हणतो, "साहेब, चिप हीट करून देतो, दीड हजारात काम होईल." माझा लॅपटॉप तसा तीन आठवडे चालला. तापवल्याने तडकलेला जोड तात्पुरता टेकतो, एवढेच. आमच्या भाषेत सांगायचे तर ताप उतरवायची गोळी दिली, जंतू तिथेच. दोष चिपच्या पोटात असेल तर खालचे थेंब नव्याने बसवूनही उपयोग नसतो. बोर्ड बदलायचा की नवा लॅपटॉप घ्यायचा, हा हिशेब तिथेच केलेला बरा.

त्या तीन आठवड्यांचा एक फायदा झाला, मी सगळे उतरवून घेतले. तेही गडबडीत, कारण चित्र गेले म्हणजे फायली गेल्या असा माझा समज होता. तसे नसते. हार्ड डिस्क सहसा शाबूत असते आणि काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. काही पातळ मॉडेलमध्ये मात्र साठवण बोर्डावरच पक्की असते. तिथे पहिली रेघ दिसताच नक्कल करून ठेवावी.

मुलीला सांगितले ते एवढेच. लॅपटॉप टेबलावर किंवा पाटावर ठेव, मागची बाजू दोन बोटे उचललेली असू दे. पंख्यातली धूळ जाणकाराकडून काढून घे, चिपवरची वाळलेली पेस्टही बदलून घे. तळ फुगलेला किंवा टचपॅड वर आलेला दिसला तर चार्जिंग लगेच बंद कर आणि वापरूही नको, बॅटरी फुगलेली असते आणि ती पेट घेऊ शकते. आणि आज घरी गेल्यावर सगळ्यात आधी प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर घे.

जुलैत ती पुन्हा आली. हिमोग्लोबिन अकरापर्यंत चढले होते, जाळी नीट निरखल्याशिवाय दिसत नव्हती. लॅपटॉप परीक्षेच्या आठ दिवस आधी पूर्ण बंद पडला. प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर होता, तो तिने कॉलेजच्या लॅबमध्ये बसून पुरा केला. आई म्हणाली, "पाट अजून तिच्या खोलीतच आहे. नवा घेतला की त्यावरच ठेवणार म्हणते."