आधी रेटिंग सांग!

ऑनलाइन खेळात एकमेकांची खेचण्याची सोय नसती, तर तो इतका फोफावलाच नसता, असं माझं ठाम मत आहे. पबजी २०१८ मध्ये भारतात मोबाइलवर आलं, सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी आली, जुलै २०२१ मध्ये ते बीजीएमआय होऊन परतलं. नाक्यानाक्यावरची पोरं त्यात एकमेकांना ‘नूब’, म्हणजे नवशिका, म्हणून हिणवतात आणि पुढच्या डावाला पुन्हा एकत्र उतरतात. त्याबद्दल एवढंच, कारण माझा जीव अडकलाय तो ऑनलाइन बुद्धिबळात, आणि त्यातही आमच्या नाशिकच्या विदित गुजराथीत.

विदित २०१३ मध्ये ग्रँडमास्टर झाला. २०१७ मध्ये त्याने रेटिंगचा २७०० चा टप्पा ओलांडला. तिथवर पोचलेला तो चौथा भारतीय. २०२० च्या टाळेबंदीत पटावरच्या स्पर्धा थांबल्या, तेव्हा विनोदवीर समय रैना यूट्यूबवर बुद्धिबळ खेळू लागला आणि विदित त्याच्या सोबतीला आला. ती प्रक्षेपणं मी रात्र रात्र जागून पाहिली आहेत. समय तेव्हा नवखा. विदित हसत हसत त्याची चूक दाखवायचा, तर समय उलट ग्रँडमास्टरचीच फिरकी घ्यायचा. खुद्द विश्वनाथन आनंदही या मैफलीत येऊन बसले. नेदरलँड्सचा अनिश गिरी आला की बरोबरीवरून टोमणे सुरू! जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या कँडिडेट्स स्पर्धेत, २०१६ साली मॉस्कोत, त्याचे चौदाच्या चौदा डाव बरोबरीत सुटले होते. गिरीही हजरजबाबी, परतफेड केल्याशिवाय राहत नाही.

ही मस्करी झोंबत नाही, कारण प्रत्येकाच्या नावापुढे रेटिंगचा आकडा असतो. अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांची पद्धत जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली: बलाढ्याला हरवलं तर गुण जास्त मिळतात, दुबळ्याकडून हरलात तर जास्त जातात. संकेतस्थळांची गणितं थोडी वेगळी, तत्त्व तेच. नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या एका वर्गात मी पाहिलं, पोरं शेजारी बसून फोनवर ब्लिट्झ, म्हणजे झटपट डाव, खेळत होती. “घोडा दान केलास रे!” “बोट घसरलं!” “आधी रेटिंग सांग, मग बोल!”

रेटिंगने मिळणारी ही पत गमवायला एक डाव पुरतो. १३ जून २०२१ च्या धर्मादाय सामन्यात उद्योजक निखिल कामत यांनी आनंदना हरवलं आणि लगेच संगणकाची मदत घेतल्याची कबुली दिली. पैसा चांगल्या कामासाठी होता, तरी बुद्धिबळवाल्यांनी ते हसण्यावारी नेलं नाही. मला ते योग्यच वाटतं.

मस्करीने मात्र पत जात नाही, विदितचंच पाहा. ऑगस्ट २०२० मध्ये ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये तो भारताचा कर्णधार होता. अंतिम सामन्यात निहाल सरिन आणि नागपूरच्या दिव्या देशमुखचं इंटरनेट तुटलं, वेळ संपली, भारताने दाद मागितली आणि रशियासोबत सुवर्णपदक विभागून मिळालं. २०२४ मध्ये टोरांटोच्या कँडिडेट्समध्ये त्याने हिकारू नाकामुराला दोनदा हरवलं. नाकामुरा म्हणजे ऑनलाइन बुद्धिबळातला सगळ्यांत मोठा गप्पिष्ट! पहिल्याच पराभवाने त्याची पारंपरिक (क्लासिकल) प्रकारातली ४७ डावांची अपराजित मालिका संपली. कॅमेऱ्यापुढे हसत बसणाऱ्याचा खेळ बिघडतो, असं म्हणणाऱ्यांना यापेक्षा वेगळं उत्तर काय द्यायचं?

तुमच्या घरात कुणी हेडफोन लावून एकटंच हसत असेल, तर या दिवाळीत शेजारी बसा, रेटिंग विचारा आणि एक डाव मागा.