विणकामाचा नमुना कसा वाचावा

थंडीची चाहूल लागली की ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून सुया बाहेर निघतात. येथील बाजारात लोकरीला 'ऊन' म्हणतात. पुण्याकडून नव्याने आलेल्या सुनेला "येताना ऊन घेऊन ये" असे सांगितले तर ती बिचारी आभाळाकडे पाहणार! आपल्या आज्या-मावश्यांना विणावयास कागद लागत नसे. मुलाला समोर उभे करायचे, छातीला वीत लावायची आणि टाके घालायचे. ती विद्या मोठी खरी, परंतु ती त्या त्या हाताबरोबर जाते. छापील नमुन्यावरून कोणालाही तोच स्वेटर विणता येतो. मात्र तो वाचता आला पाहिजे.

हे लिहिण्यास एक निमित्त घडले. आमच्या महिला शाखेने मुलांसाठी स्वेटर विणावयास घेतले. पाठ एकीने, पुढचा भाग दुसरीने, बाह्या तिसरीने, अशी वाटणी केली. नमुना एक, लोकर एक, सुयाही एकाच नंबरच्या. तरीही जोडावयास बसलो तेव्हा पुढचा भाग पाठीपेक्षा साडेतीन सेंटीमीटर रुंद भरला. टाके मोजले, तर दोन्हीकडे 73 च. तो रुंद भाग माझा होता.

चूक नमुन्याच्या अगदी आरंभी होती. मी न वाचता सोडलेली ती ओळ अशी: 4 मिलिमीटरच्या सुयांवर 22 टाके व 28 ओळी म्हणजे 10 सेंटीमीटर. इंग्रजी पुस्तिकांत या ओळीवर 'टेन्शन' असा मथळा असतो. त्याला भिऊ नये, त्याचा अर्थ लोकरीचा ताण एवढाच. पाठ 33 सेंटीमीटर हवी आणि 10 सेंटीमीटरांत 22 टाके बसतात, म्हणून 73 टाके सांगितलेले. माझा हात सैल. माझे 10 सेंटीमीटरांत 20 च बसतात. तेच 73 टाके माझ्या हातून साडेछत्तीस सेंटीमीटर होतात. मी दोन्ही भाग विणले असते तर घेर 66 ऐवजी 73 झाला असता, आणि मुलाच्या अंगात तो झग्यासारखा लोंबला असता.

यावर उपाय साधा आहे. 33 टाके घालून एक चौकोनी तुकडा विणावा, धुऊन वाळवावा आणि काठ सोडून मधले 10 सेंटीमीटर मोजावेत. टाके कमी बसले तर बारीक सुई घ्यावी, जास्त बसले तर जाड. एक संध्याकाळ जाते, पण पंधरा दिवस वाचतात. सुईच्या नंबरावर विसंबू नये. ब्रिटिश पद्धतीत नंबर वाढला की सुई बारीक होते, अमेरिकन पद्धतीत जाड होते. ब्रिटिश 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, अमेरिकन 8 नंबर म्हणजे 5. मिलिमीटर तेवढे पाहावेत.

आता आकडे. 'टाके 73 (79, 85)' असे लिहिलेले असते. कंसाबाहेरचा आकडा सर्वांत लहान मापाचा, आतले क्रमाने मोठ्या मापांचे. आपल्या मापाच्या आकड्याभोवती सगळ्या कागदावर आधीच पेन्सिलीने गोल करून ठेवावा, म्हणजे रात्री दिव्याखाली डोळा चुकत नाही.

अक्षरांचे कोडे वाटते तितके अवघड नाही. 'के' म्हणजे सुलट टाका, 'पी' म्हणजे उलट, 'टॉग' म्हणजे एकत्र. 'के 2 टॉग' म्हणजे दोन टाके एकत्र सुलट विणून एक घटविणे. काठाची पहिली ओळ पाहा: के 1, * पी 1, के 1, * पासून शेवटपर्यंत. पहिला सुलट टाका एकदाच विणावयाचा. चांदणीनंतरची जोडी मात्र ओळ संपेपर्यंत पुन:पुन्हा. 73 टाक्यांत ही जोडी 36 वेळा येते. दुसरी ओळ 'पी 1' ने सुरू होते, कारण काम फिरविले की सुलट टाका मागून उलट दिसतो. समोर जसा दिसेल तसा विणला की काठाच्या उभ्या रेघा आपोआप जुळतात.

मराठीत येथे एक घोटाळा होतो. सुलट-उलट हे शब्द आपण टाक्यालाही लावतो आणि कापडाच्या बाजूलाही. 'सुलट बाजूची ओळ' म्हणजे सगळे टाके सुलट, असा अर्थ नव्हे. दर्शनी बाजू आपल्याकडे आहे, एवढाच. 'डावा भाग' म्हणजेही घालणाऱ्याच्या अंगावरचा डावा, पाहणाऱ्याचा नव्हे.

बाहीत लिहितात: पुढील ओळीत आणि त्यानंतर दर सहाव्या ओळीत दोन्ही टोकांना एकेक टाका वाढवून 37 चे 53 करावेत. वाढ 16 टाक्यांची, एका वेळी दोन, म्हणजे आठ वेळा. पहिली वाढ लगेच, उरलेल्या सात दर सहा ओळींनी. एकूण 43 ओळी. हा हिशेब समासात मांडून ठेवावा आणि वाढ झाली की खूण करावी.

गळ्याशी 'त्याच वेळी' असे दोन शब्द येतात. तेथे पुष्कळजणी फसतात. आधी काखेची घट पुरी करून मग गळ्याकडे वळतात; वस्तुत: दोन्ही कामे एकाच ओळीत चालवावयाची असतात. म्हणून पहिला टाका घालण्यापूर्वी सगळा नमुना शेवटपर्यंत वाचावा.

तो रुंद भाग मी उसवला. उसवलेल्या लोकरीला वळ्या पडलेल्या असतात. तिची लड करून ती कोमट पाण्यात भिजविली आणि सावलीत वाळविली. मग पावणेचार मिलिमीटरच्या सुयांवर पुन्हा तुकडा विणून पाहिला. या वेळी 22 टाके भरले.